काकूंचा ओटीपी

सरकारी नोकरीत चंदीगडला बदलून आलेले विश्राम टिपणीस फावल्या वेळात परदेशी विद्यार्थ्यांना आयकराचं विवरणपत्र भरायला मदत करत. शेवटच्या दिवशी मदत कक्षाबाहेर ही रांग! त्यांचा शेजारी, इथिओपियाहून संशोधनासाठी आलेला तेस्फाये, समोर येऊन बसला. पोर्टलने ओटीपी पाठवला, आणि तो गेला थेट विश्रामरावांच्या घरी. नवा नवा आला तेव्हा पठ्ठ्याकडे भारतातला नंबर नव्हता, म्हणून त्याने खुशाल शेजारच्या रत्नप्रभाकाकूंचा देऊन ठेवला होता.

विश्रामरावांचा मोबाइल नेमका घरी राहिलेला. त्यांनी कक्षातल्या फोनवरून बायकोला ओटीपी विचारला.

"अजिबात सांगणार नाही," रत्नप्रभाबाई कडाडल्या. "हल्ली चोर हुबेहूब आवाज काढतात, असं ह्यांनीच मला बजावलंय. माझे खरे नवरे असाल, तर उखाण्यात माझं नाव घ्या!"

पोर्टल बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. विश्रामरावांनी घाम पुसला, डोळे मिटले आणि भर रांगेसमोर खड्या आवाजात म्हणाले,

"पोर्टल बसलंय रुसून, आज शेवटची तारीख,
रत्नप्रभेचं नाव घेतो, नजर तिची बारीक!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. तेस्फायेने तर शिट्टीच मारली. पलीकडून रत्नप्रभाबाई ओरडल्या,



"ठेव फोन, मेल्या! आमच्या ह्यांनी लग्नातसुद्धा नाव घेतलं नव्हतं!"