भिंत मिटण्याआधी

“आई, आहेस ना तिथे? काय दिसतंय माझ्या डोक्यात? आहे का काही, की सगळं रिकामंच?”

काचेपलीकडच्या यंत्रात निजलेल्या प्रितीचा आवाज टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून आला. डॉ. वल्लरी हसल्या. चंपाबाईंना हसू आलं नाही. परळच्या त्या इस्पितळातल्या थंड खोलीत पदर खांद्याभोवती घट्ट ओढून त्या पडद्याकडे पाहत होत्या.

पडद्यावर त्यांच्या लेकीचा मेंदू होता, सकाळी टिपलेला. डॉ. वल्लरींनी त्यावरच्या एका काळसर पट्ट्याकडे बोट दाखवलं. गाठ शस्त्रक्रियेत काढून झाली होती, पण तिच्या पेशी या पट्ट्यात पांगल्या होत्या. आणि तिथे सुरी लावणं म्हणजे प्रितीचे शब्दच कापून काढणं. औषध होतं. गेले कित्येक महिने ते शिरेतून जातही होतं. त्याने तिचं तोंड सोललं, बोटांची टोकं बधिर केली, शिजत्या भाताचा वाससुद्धा तिला नकोसा करून टाकला. अंगभर फिरलं. एवढ्या पट्ट्यात तेवढं शिरलं नाही; मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला बाहेरच अडवत होती.

“मेली ती भिंत,” चंपाबाई पुटपुटल्या.

“तिला शिव्या देऊ नका, मावशी. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना बिलगून उभ्या असतात, रक्तातलं विष आत जाऊ नये म्हणून. प्रितीला लहानपणी टायफॉइड झाला होता म्हणालात ना? तेव्हाही त्या उभ्याच होत्या. आलेलं विष आहे की औषध, एवढंच त्यांना कळत नाही.”

आज ती भिंत आवाजाने उघडायची होती. त्यासाठी प्रितीचं डोकं सकाळी तुळतुळीत भादरलं होतं, आणि त्यावर टोपासारखं एक यंत्र बसवलं होतं. त्यातून निघालेल्या शेकडो लहरी, कोणाच्याही कानाला ऐकू न येणाऱ्या, कवटी ओलांडून त्या पट्ट्यात एकत्र भेटल्या होत्या. तिथे रक्तात सोडलेले सूक्ष्म बुडबुडे थरथरले असतील, तर पेशींची मिठी सैल झाली असेल. असेल, एवढंच. उपचार अजून प्रयोगावस्थेत होता, आणि प्रितीपाशी दुसरा कोणता उरला नव्हता.

आता शिरेत, प्रतिमेत पांढरं दिसणारं रंगद्रव्य सोडलं होतं. भिंत बंद असली, तर तेही औषधासारखंच बाहेर अडणार होतं.

नवी प्रतिमा पडद्यावर उमटू लागली. आधी कवटीची कड, मग करडे वळसे. मग काळसर पट्ट्याच्या मध्यावर, कोरड्या कापडात ओल शिरावी तसा, पांढरा उजेड पसरत गेलेला दिसला. डॉ. वल्लरींनी हे याआधीही पाहिलं होतं. तरी त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

“आत गेलं?” चंपाबाईंनी विचारलं.

“गेलं.”

“फुटलं नाही ना काही?”

“काही फुटलं नाही. रक्ताचा थेंब सांडलेला नाही. नुसती उघडली.”

“अगं, कोणीतरी बोला!” स्पीकर कडाडला. “गेले की काय मी?”

चंपाबाईंनी माइकपाशी वाकून ओरडून सांगितलं, “उघडलंय गं बये तुझं डोकं! आता तोंड तरी मीट!”

थोड्या वेळाने प्रितीला वॉर्डात आणलं. औषधाची पिशवी तयार होती. डॉ. वल्लरी नळी जोडू लागल्या.

“औषध पोचेल,” त्या म्हणाल्या. “पुढचं मी आज सांगणार नाही. उद्यापर्यंत भिंत पुन्हा मिटेल.”

“कोण मिटवणार?”

“कोणी नाही. आपली आपणच मिटते.”

“आणि नाही मिटली तर?”

“मिटते, मावशी. कशी, ते आम्हालाही अजून पुरतं उमगलेलं नाही.”

प्रितीचे डोळे मिटत आले होते. चंपाबाईंनी तिच्या उघड्या डोक्यावर तळहात ठेवला. हाताखाली गार, टणक हाड होतं. भोईवाड्याच्या खोलीत पाय पसरून, लेक मांडीवर घेऊन बसायच्या तेव्हा याच जागी हाड नव्हतं. पातळ कातडीखाली टाळू उडत असायची, आणि तिच्यावर तेल घालताना त्यांचा श्वास आपोआप थांबायचा.

“हिची टाळू मी रोज तेलाने भरायची,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटायचं, माझ्यामुळेच मिटते.”

डॉ. वल्लरींनी नळीवरचा चाप सैल केला. पिशवीखाली पहिला थेंब जमला, लोंबला आणि पडला.

चंपाबाईंनी चटकन हात उचलला, दारात उभ्या असलेल्या माणसाने येणाऱ्याला वाट द्यावी तसा.