ओली माती

जळगावच्या नव्या स्मार्ट रस्त्यावर प्रत्येक झाडाला ठिबक आणि मातीत सेन्सर. एका कडुनिंबाचा मात्र ऑफिसात रोज एकच निरोप: माती ओली, ठिबक बंद.

सेन्सर बिघडला असं समजून ऑफिसातला रोहिदास तो काढायला आला, तर समोरच्या घरातल्या चंदनबाई झाडाखाली कळशी रिकामी करत होत्या.

“अक्का, तुम्हीच का ते! माती सुकल्याशिवाय हे यंत्र पाणी सोडत नाही हो.”

“आणि मी थांबले तर?”

“आपोआप सोडेल.”

“मी नसले तरी?”

“कोणीच नसलं तरी.”

चंदनबाईंनी सेन्सरलाच हात जोडले.

“उद्या माझी दीक्षा. जैन साध्वी झाल्यावर कच्च्या, न उकळलेल्या पाण्याला हात लावता येत नाही. घर सुटलं, नातवंडंसुद्धा सुटली. हे झाड तेवढं सुटत नव्हतं, भाऊ.”