उत्तरेचं दार

"आई, हे देऊळ नाहीये गं, चर्च आहे!" ऋजुता ओरडली, पण आई पदर खोचून प्रदक्षिणेला निघालीसुद्धा.

इकडे ऋजुताचा जीव टांगणीला लागलेला! इंग्लंडातल्या या खेड्यातल्या चर्चला आठशे वर्षांपूर्वी उत्तरेच्या भिंतीत एक दार होतं, असं तिने प्रबंधात ठोकून दिलं होतं. प्रबंध उद्या द्यायचा, आणि आतून बघावं तर भिंत चुन्याने लिंपून गुळगुळीत, दाराचा मागमूस नाही! चर्चची देखभाल करणारे म्हातारे मिस्टर पिम म्हणाले, "बाहेरून बघायचं विसराच. मागे छातीएवढी खाजरी झुडपं माजलीत. चाळीस वर्षांत तिकडे कुणी फिरकलेलं नाही."

तेवढ्यात आई कोपऱ्यावरून उगवली. पदराला काटे, हात लालबुंद, आणि कराकरा खाजवतेय. "काय बाई ही माणसं! मागे एवढं कमानीचं दार, नक्षीबिक्षी कोरलेलं, आणि चक्क दगडांनी बुजवून टाकलंय!"

ऋजुताने तिला मिठीच मारली. "आई, चल, दाखव!"

"दाखवते की. अजून दोन प्रदक्षिणा राहिल्यात," म्हणत आई चालायलाच लागली. मागे टेप घेऊन ऋजुता, आणि तिच्यामागे पँटचे पाय मोज्यांत खोचत मिस्टर पिम.