सुटण्याची वेळ

"कात्री नाही म्हणजे नाही," शिपाईबाई म्हणाली आणि दाराशी स्टूल ओढून बसली. "हवं तर मॅडमना विचार."

"मागितली कुणी?" कागदताई म्हणाली. "आमची बोटं काय झिजलीत?"

तिने रंगीत कागदाची घडी घातली, घडीवरून ओलं बोट फिरवलं आणि कागद हलकेच फाडला. पट्टी सरळ निघाली. मुलांनी आपापल्या घड्यांना थुंकी लावली. पाण्याची वाटी समोरच होती, पण थुंकी जास्त जवळची.

खोलीतलं सगळ्यात मोठं पोर पाच वर्षांचं होतं. मुलांच्या आया शेजारच्या शिवणखोलीत कामाला होत्या आणि मशिनांची घरघर भिंतीतून येत होती. उद्या झेंडावंदन, पाहुणे येणार. प्रत्येक मुलाच्या हातात त्याने स्वतः केलेला झेंडा हवा, असं मॅडमनी फर्मावलं होतं. नियम मात्र नेहमीचेच. टोकदार काही नको, काठी नको, लांब दोरा नको. म्हणून कणकेची खळ आणि दांडीच्या जागी वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी.

"आधी दांडी, मग झेंडा," कागदताई म्हणाली. "आणि काय रे गोट्या, काल दांडी मारलीस ना? आज तुला दोन कराव्या लागणार."

गोट्याने गंभीरपणे इकडेतिकडे पाहिलं. "कालची कुठंय मग?"

शिपाईबाईलाही हसू आवरेना. कागदताई हसली खरी, पण तिचा एक कान बाहेरच्या पावलांकडे होता. मॅडम अजून आल्या नव्हत्या.

उद्या दुपारी तिच्या लेकीच्या शाळेत कार्यक्रम होता. लेक झेंडा धरून सगळ्यांच्या पुढे चालणार होती. ती मावशीकडे वाढत होती. आई कुठे असते असं कुणी विचारलं की "लांब असते, कामाला" म्हणून मोकळी व्हायची. दर वर्षी ती आईला बोलवायची आणि दर वर्षी आईला जायला मिळायचं नाही. या खेपेला ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "नाही आलीस तर पुन्हा नाही बोलवणार." चिडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली होती.

मॅडमनी तिच्यासाठी शब्द टाकला होता. काम चोख, वागणं सरळ, मुलांना तिच्याशिवाय करमत नाही, असं सगळं वर कळवलं होतं. पण वरच्यांच्या मनात कधी काय येईल! गेल्या वर्षी शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवून त्यांनी नकार कळवला होता. दुसऱ्या दिवशी तिने हसत हसत मुलांना झेंडे वाटले. आत काय तुटलं ते तिचं तिला ठाऊक.

"कागदताई, तू कधी सुटणार?" पिटुकलीने विचारलं. तिच्या नाकालाही खळ लागली होती.

"तुमची शाळा सुटली की."

"रोज तसंच म्हणतेस."

"मग रोज विचारू नकोस," कागदताई म्हणाली आणि तिचं नाक पुसलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. शिपाईबाई ताडकन उठली. मॅडमनी वाळत ठेवलेले झेंडे एकेक करून पाहिले. कुठे पट्टी तिरकी, कुठे बोटांचे ठसे. कागदताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. वाईट बातमी आणणारी माणसं अशीच वेळ काढतात.

"हा उलटा चिकटलाय," मॅडम म्हणाल्या.

"गोट्याचा आहे. सुलटा करून देते."

"देशील गं. उद्या झेंडावंदनापर्यंत वेळ आहे तुला. नंतर नाही."

"नंतर का नाही?"

"नंतर तू मोकळी. वरून होकार आलाय."

कागदताईच्या हातातली खळीची वाटी कलंडली. "दुपारपर्यंत पोचेन मी?"

"पहिल्या गाडीत बसलीस तर आरामात पोचशील. मावशीला कळवलंय मी. लेकीला सांगू नका म्हटलंय, तूच एकदम तिच्यासमोर जाऊन उभी राहा."

कागदताई मट्‌कन जमिनीवर बसली. तिला हसू येत होतं आणि डोळे थांबत नव्हते. "सुटले गं बाई!" ती म्हणाली, पुन्हा म्हणाली. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि आता इतक्या हलक्या जिवाचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं. पिटुकलीने दोन्ही चिकट हात तिच्या गालांवर ठेवले. गालाला कागदाचा तुकडा चिकटला तो चिकटलाच.

"उद्यापासून या वानरसेनेला कोण आवरणार?" शिपाईबाई पदराने डोळे टिपत करवादली.

"निघायच्या आधी कुणाला तरी ते कागद फाडणं शिकव," मॅडम जाता जाता म्हणाल्या.

घंटा झाली. शेजारची मशिनं एकेक करून गप्प झाली आणि आया दारात आल्या. मुलं झेंडे नाचवत त्यांना बिलगली. गोट्याची आई कागदताईच्या गळ्यात पडली. "आमची आठवण ठेव गं," एवढंच तिला बोलता आलं.

"चला, रांग करा," शिपाईबाईने हाक दिली.

आया रांगेत उभ्या राहिल्या, मुलं त्यांच्या कडेवर. कागदताईने फरशीवरची खळ पुसली, हात धुतले आणि तीही रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. शिपाईबाईने सगळ्यांची डोकी मोजली, सगळ्यांना बराकीत सोडलं, बाहेरून कुलूप घातलं आणि गजांतून कागदताईला म्हणाली, "आजची रात्र काढ गं, शेवटची."