वारा जाणारी लेन्स

चष्मेवाला हौसाक्काकडं बघायलाच तयार नव्हता. "आजी, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं," म्हणत तो सगळं तिच्या नातीलाच समजावत होता.

नात कबड्डी खेळायची. चष्मा लावून मैदानात उतरता येत नव्हतं, आणि जुन्या लेन्सनं डोळे इतके लाल व्हायचे, की आठवड्यावर आलेली निवड चाचणी हातची जायची वेळ आली होती.

"ही घ्या. हिच्यात पाणी भरपूर, एकदम मऊ," तो म्हणाला.

हौसाक्काचा जन्म पानमळ्यात गेलेला. विड्याची पानं करंडीत रचताना ओल हवीच, पण वारा कोंडला की पानं सडतात, हे तिला शाळेत न जाता ठाऊक होतं.

"पाण्याचं राहू दे. वारा कुठलीतनं जास्त जातो?"

तो अडखळला. "सिलिकॉनच्या लेन्समधून. पण ती जरा कडक लागते."

"मग एका डोळ्यात ही घाल, दुसऱ्यात ती. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखाच हाय न्हवं?"

दिवसभर सराव करून नात संध्याकाळी दुकानात आली. मऊ लेन्सचा डोळा लालभडक झाला होता, सिलिकॉनचा स्वच्छ पांढरा. चष्मेवाला बॅटरी मारून दोनदोनदा बघत राहिला.

हौसाक्कानं पदर खोचला. "तू शिकलास खरा, पर नुसतं विकायला शिकलास. दोन्ही डोळ्यांत सिलिकॉनचीच घाल. आणि पोरीची निवड झाली, की पेढे माझे, पर मळ्यापतोर चालत तू यायचं!"