श्रीरंगचं दुःख

आठ वर्षांची ओवी गेल्यापासून तिच्या बाबांनी, श्रीरंगने, अन्न सोडलं होतं. शेवटी त्याची बायको मृणाल त्याला हट्टाने इस्पितळात घेऊन गेली आणि मेंदूतलं दुःख काढून टाकायच्या कागदावर त्याला सही करायला लावली.

घरी आल्यावर तो पोटभर जेवला. मग ओवीचे फ्रॉक पिशवीत भरून त्याने दाराबाहेर ठेवले.

"नुसती जागा अडवतायत," तो म्हणाला.

मृणालने घाबरून डॉक्टरांना फोन लावला. "त्यांचं दुःख परत घालता येईल का?"

"येईल. पण त्यांनी स्वतः मागायला हवं."

तिने रडत श्रीरंगचे हात धरले.

"अगं, मला काय झालंय?" तो प्रेमाने म्हणाला. "त्यापेक्षा तूच जाऊन ये. तासाभराचं तर काम आहे."