बारशाआधीचं नाव

दोन हजार दोनच्या उन्हाळी सुट्टीत मी मंगळवार पेठेतल्या सायबर कॅफेत मुलांना ई-मेल शिकवत होतो. "जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव घ्या," मी सांगितलं. धैर्यशीलनं 'तांबडा रस्सा' घेतलं.

"गुरुजी, तुमचं काय वो?" तेजस्वीनं विचारलं.

मी 'मीनजया' टाइप केलं. बायकोच्या, मीनाच्या, आणि माझ्या, जयसिंगच्या, नावातून ते आमच्या मुलीसाठी जुळवलं होतं. बारशाच्या आदल्या दिवशी मुलगी गेली. त्यानंतर आम्ही दोघांनी ते कधी उच्चारलं नाही. एकदा तरी ते कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढंच मला हवं होतं.

हे नाव आधीच घेतलेलं आहे, असं पडद्यावर आलं.

"पासवर्ड विसरलो म्हणून दाबा की," धैर्यशील म्हणाला. "कुणाचं हाय ते कळंल."

दाबलं. खातेदारानं स्वतः लिहून ठेवलेला प्रश्न आला : 'हे नाव माझ्या कानात कोणी सांगितलं?'

"आत्यानं! दुसरं कोण सांगतंय?" मुलं हसली.

'आत्या' चुकीचं ठरलं.

मी सावकाश 'कुणीच नाही' असं लिहिलं.

खातं उघडलं.